गाडीनंतरचं गाणं

ईशान आणि मीरा, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. मराठी अक्षरं जड गेली तर आईकडून वाचून घ्या, आणि मधलं काही गाळू नकोस असं तिला माझ्या वतीने सांगा. माझं लिहिणं थोडक्यात आटपायची तिला सवय आहे. मागच्या महिन्यात ईशानने मला एक फोटो पाठवला होता. लहानसं सभागृह, पिवळसर उजेड आणि स्टेजवर खुर्चीत बसलेला एक म्हातारा गिटारवाला. खाली लिहिलं होतं, "आजी, हे त्यांच्या गावाकडची जुनी गाणी वाजवतात. तू कधी असं समोर बसून कुणाला ऐकलंयस का?" मी उत्तर पाठवलं, "हो, एकदा. सोलापुरात. छान झाला होता कार्यक्रम." फोन ठेवला आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. कार्यक्रम छान झाला होता हे खरं आहे. पण मी तो ऐकला, असं म्हणणं कितपत खरं आहे हे माझं मलाच ठरवता येत नाही. दोन ओळींत हे सांगण्यासारखं नाही, आणि आणखी थांबले तर सगळं नीट क्रमाने आठवेल याची खात्री नाही. म्हणून आताच लिहायला बसले.

आमचं घर नव्या पेठेत होतं. रस्त्याच्या अंगाला आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कापडाचं दुकान आणि त्याच्या पाठीमागे वर-खाली मिळून चार खोल्या. घरभर कोऱ्या कापडाच्या खळीचा वास असायचा. शाळेतल्या मुली म्हणायच्या, शैला वर्गात आली की नवीन चादरीची घडी मोडल्यासारखं वाटतं. दिवसभर रस्त्यावरचा गलका, रिक्षांचे भोंगे, दुकानात आप्पांचं मीटरने कापड मोजणं आणि मग कापड फाडल्याचा तो लांबलचक चर्र आवाज. आप्पा मराठी बोलायचे. आईला मी अव्वा म्हणायची. ती अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, आणि तिचं मराठी शेवटपर्यंत कानडी वळणाचं राहिलं. मला घातलं होतं नन्सच्या इंग्रजी शाळेत. त्यामुळे आमच्याकडे जेवायची हाक कानडीत, रागावणं मराठीत आणि पाठांतर इंग्रजीत, अशी वाटणी आपोआप झाली होती.

अव्वाचं राज्य स्वयंपाकघरात. मंगळवेढ्याची ज्वारी यायची, तिचं पीठ असं पांढरंशुभ्र की परातीत नुसतं पाहत राहावं. शेंगांची चटणी ती उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत. आणि रोज दोन वेळच्या भाकरी झाल्या की उरलेल्या पिठाच्या पातळ, मोठ्या भाकरी करून त्या कडक वाळवायची. या भाकरी थापताना ती गायची. गाणं एकच, कानडी, आणि ते एका म्हशीबद्दल होतं. म्हैस हट्टी आहे, दूध चोरते, सरकी खाऊन शेपटी मारते, अशी तिची गाऱ्हाणी. अव्वाच्या आईने ते रचलं होतं की त्याआधीच्या कुणी, हे तिलाही ठाऊक नव्हतं. देवाचं नाही, सणाचं नाही. म्हणून आम्हीही ते कधी गाणं म्हणून धरलं नाही. भाकरी परातीत फिरत असेपर्यंत गाणं चालायचं. भाकरी उचलून तव्यावर टाकायची वेळ आली की अव्वा अर्ध्या शब्दावर थांबायची. भाकरी तव्यावर पडली की राहिलेला अर्धा शब्द पुढे. तिच्यावर पाण्याचा हात फिरवताना एक छोटा थांबा. उलटताना पुन्हा थांबा. ती उभी करून भाजताना आणखी एक, लांबट.

शाळेत नन्स आम्हाला पियानोवर गाणी शिकवायच्या. ओळ एका श्वासात पुरी करा, मधे तोडू नका, यावर सिस्टरचा फार कटाक्ष होता. ते शहाणपण मी घरी आणलं. एकदा उंबऱ्यात बसून मी अव्वाला सांगितलं, "अव्वा, ओळ सलग म्हणायची असते. तू सारखी मधेच थांबतेस."

"सलग म्हणलं तर भाकरी जळंल की गं," ती म्हणाली. "मग तुझी सिस्टर येणार हाय का खायाला?"

हे ऐकून हसणारा आणखी एक माणूस तेव्हा तिथे होता, नरसय्या मास्तर. ईशानला मी लिहिलेला तो कार्यक्रम यांचाच. मास्तर सोलापूरच्याच विणकरवस्तीतले, घरची भाषा तेलुगू. तरुणपणी मुंबईला जाऊन त्यांनी वाद्यवृंदांत गिटार वाजवली, पैसाही पाहिला. आणि एक दिवस ते सगळं सोडून परत आले. त्यानंतर त्यांनी फक्त आपल्या मुलखातली गाणी वाजवली. त्यांची गिटार तुम्ही पाहता तशी छातीशी धरायची नव्हे. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हाताने तारांवरून एक गुळगुळीत पोलादी कांडी सरकवायची. त्यामुळे सूर तुटत नाही; माणसाच्या गळ्यासारखा एकातून दुसऱ्यात घरंगळत जातो. सोलापुरात त्यांचं घर उरलं नव्हतं; गाणी गोळा करायला ते गावोगाव हिंडायचे. बायामाणसं कामाला लागली की हे बाजूला बसून ऐकत राहणार. आप्पांनी कधीकाळी त्यांच्याकडे गिटार शिकायचा प्रयत्न केला होता. तो फसला, पण मैत्री राहिली. सोलापुरात आले की मास्तर आमच्याकडे जेवणार, आणि तेही पाटावर नाही, स्वयंपाकघराच्या दारात.

"वहिनी, म्हशीचं म्हणा की."

"ते काय गाणं हाय व्हय मास्तर? शिव्या हायत त्या म्हशीला."

"शिव्याच चांगल्या चालीत असत्यात. आरत्या बघा, समद्या एकाच चालीत."

अव्वा तोंडाला पदर लावून हसायची आणि मग म्हणायची. मास्तर डोळे मिटून मांडीवर बोटं हलवत बसायचे. मला त्या सगळ्याचा कंटाळा यायचा. मला त्यांच्याकडून एकच हवं असायचं, 'गाडी'. रेल्वे सुटते, वेग घेते, पुलावरून जाते, शिट्टी मारते, हे सगळं ते गिटारवर हुबेहूब वाजवायचे. ते आले की मी त्यांच्या गुडघ्याशी उभी राहून "गाडी, गाडी" म्हणून भुणभुण लावायची, आणि ते म्हणायचे, "म्याडम आल्या बघा. सोडा गाडी."

मी नववीत असताना अव्वा गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि तिसऱ्यांदा उतरला तेव्हा ती राहिली नव्हती. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही. तिची धाकटी बहीण गौरामावशी घर सांभाळायला येऊन राहिली. आमच्यात सुतक पाळत नाहीत; माणूस शिवाकडे गेला, त्याचा विटाळ कसला, असं आप्पा म्हणायचे. पण वर्ष पाळायचं. वर्षभर घरात सण नाही, गोडधोड नाही, गाणंबजावणं नाही. आप्पांनी रेडिओवर दुकानातला एक टॉवेल घातला, आणि तो तसाच राहिला. मावशी भाकरी करायची तेव्हा फक्त थापल्याचा आवाज यायचा. त्या वर्षातच केव्हातरी माझ्या लक्षात आलं की अव्वाचा आवाज मला आठवत नाही. चेहरा आठवे, हाताचा वास आठवे, ती काय काय म्हणायची तेही आठवे. पण ते सगळं छापील पानावर वाचल्यासारखं. आवाज आठवायला गेले की मावशीचाच आवाज पुढे यायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईचा आवाज विसरणारी मुलगी कसली असते, असं मला वाटायचं.

मास्तरांचा कार्यक्रम अव्वा असतानाच ठरला होता. आप्पा आणि बाजारातली चार हौशी मंडळी मिळून तो करत होती, त्यामुळे रद्द करणं आप्पांच्या हातात नव्हतं. मास्तर सकाळी आले, दुपारी जेवायला आमच्याकडे. अव्वा गेल्यानंतर ते पहिल्यांदाच येत होते. फार थकले होते. डाव्या हाताला कंप आला होता. भाकरीचा तुकडा मोडताना तो ताटावर आपटत होता. मी वाढत होते.

"काय म्याडम, गप का?"

आप्पा दुकानात, मावशी मागच्या मोरीत. का कोण जाणे, मी त्यांना सांगून टाकलं. "मास्तर, मला अव्वाचा आवाज आठवत नाही. किती आठवला तरी येत नाही."

त्यांनी भाकरी ताटात ठेवली आणि म्हणाले, "संध्याकाळी येणार हायस न्हवं?"

"आप्पांनी सोडलं तर."

"ये. तुझ्यासाठी एक वाजवणार हाय. ध्यान दिऊन ऐक."

मला काय वाटलं असेल? मला 'गाडी' वाटली. रडवेल्या पोरीला मोठी माणसं तिच्या आवडीचं काहीतरी देतात, आणि माझ्या आवडीचं एकच होतं. आज हे लिहिताना मला त्या मुलीला दोन्ही खांद्यांना धरून हलवावंसं वाटतं. पण ती मोठ्या समाधानाने ताटं उचलून घेऊन गेली.

जाण्यावरून घरात थोडी चर्चा झाली. मावशी म्हणाली, "वर्ष घराचं असतंय भावजी. बाहेर ऐकायला कुणी न्हाई म्हणलंय? पोर बघा कशी सुकलीय." आप्पा गल्ल्यावर बसून कापडाची दोरी गुंडाळत होते. कार्यक्रम त्यांचा, माणूस त्यांचा, आणि स्वतः ते जाणार नव्हते. बायकोचं वर्ष म्हणजे त्यांना स्वतःचं वाटत होतं. शेवटी म्हणाले, "जावा. पण पुढं बसू नका." मी अव्वाच्या मागे पहिल्यांदाच चांगला फ्रॉक घातला. घातला आणि आरशात पाहिलं नाही, हे आठवतं.

सभागृह म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली लांबट खोली. एकीकडे पुरुषांच्या खुर्च्या, दुसरीकडे बायकांच्या, उदबत्तीचा वास, आणि सुरुवातीला माइकची शिट्टी. पत्र्यावरून दिवसभराचं ऊन अजून खाली उतरत होतं. आम्ही मागून तिसऱ्या ओळीत बसलो. शेजारी माझी वर्गातली मैत्रीण सुनंदा आली, हातात शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा घेऊन. पडदा बाजूला झाला तेव्हा मास्तर खुर्चीत बसलेलेच होते; पांढरा सदरा, काळी टोपी, मांडीवर गिटार. शेजारी एक तबलजी. मास्तरांनी कांडी तारांवर ठेवली आणि हात थरथरला. पुढच्या ओळींत कुजबुज झाली. मास्तर माइककडे वाकले.

"हात कापतोय म्हणून भिऊ नका. तरणा होतो तवा सुराला असा कंप आणायला लई मेहनत करायला लागायची. आता फुकट मिळतोय."

सगळं सभागृह हसलं, आणि तिथून ते त्यांचं झालं. प्रत्येक चीज वाजवण्याआधी ते ती कुठे मिळाली ते सांगायचे. एक धनगराकडून, मेंढरं राखताना ऐकलेली. एक मोहरमच्या सवारीच्या मागे चालत चालत उचललेली. एक त्यांच्या स्वतःच्या आईची; गल्लीत मागाचा ताणा, म्हणजे उभे धागे, पसरून त्याला खळ लावताना बायका म्हणायच्या ती. त्या गाण्याला पुरुषांच्या बाजूचा एक म्हातारा विणकर उभाच राहिला आणि संपेपर्यंत बसला नाही. मला हे सगळं आवडत होतं. नुसतं आवडत नव्हतं, मी खूश होते. अव्वा गेल्यापासून इतकी खूश मी झाले नव्हते, आणि हे लक्षात आलं की मधेच अपराधी वाटायचं. मग पुढची चीज सुरू व्हायची आणि मी ते विसरायची.

मग 'गाडी' झाली. फलाटावरची घंटा, पहिला जड धक्का, हळूहळू येणारा वेग, पुलावरचा पोकळ आवाज, आणि शेवटी ती शिट्टी. लोकांनी टाळ्यांनी पत्रा डोक्यावर घेतला. मी खुर्चीवरून अर्धी उठून हात हलवला. मास्तरांनी मान वर करून बायकांच्या बाजूला पाहिलं, पण समोरच्या उजेडामुळे त्यांना काही दिसत नसावं. त्यांनी एक खुंटी पिळली, तार जुळवली. या वेळी माइकवर काही सांगितलं नाही. तबलजीला मानेने खूण केली आणि सरळ सुरू केलं.

मी सुनंदाकडे वळले. "ती गाडी माझ्यासाठी होती, माहितीये?"

"चल, खोटं."

"खरंच. दुपारी आमच्या घरी जेवताना म्हणाले, तुझ्यासाठी वाजवतो."

"घे शपथ."

"आईशप्पथ."

ही शपथ मी त्या क्षणी घेतली. समोर स्टेजवर अव्वाचं गाणं चाललं होतं आणि मी तिची शपथ घेत होते. सुनंदाने मला चिक्की दिली. चाल ठेक्याची होती, तबला सफाईने सगळ्या जागा भरत होता, ओळ कुठे म्हणून तुटत नव्हती. मी चिक्की खात खात पायाने ताल धरला. मावशीने पदराचा बोळा तोंडात धरलेला मला डोळ्याच्या कडेने दिसला. ती तेव्हा कशानेही रडायची. सुनंदाला दिसू नये म्हणून मी दोघींच्या मधे सरकून बसले. मास्तरांनी आणखी एकदा मान वर करून आमच्या बाजूला पाहिलं. मी पुन्हा हात हलवला.

कार्यक्रम संपल्यावर मावशी मला घेऊन स्टेजच्या मागे गेली. मास्तर बोटांतल्या नख्या काढून तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवत होते. मला पाहून थांबले.

"कळलं का?"

"हो मास्तर! गाडी. शिट्टी तर अगदी स्टेशनात उभं राहिल्यासारखी वाटली."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग डबीचं झाकण लावलं. "गाडी व्हय," ते म्हणाले. "बरं. बरं झालं."

मावशी काहीच बोलली नाही. रस्ताभर तिने माझा हात धरला होता, आणि मला वाटलं, गर्दीमुळे.

घरी आप्पा आमच्यासाठी जेवायचे थांबले होते. मास्तर त्या दिवशी मंडळींबरोबर जेवणार आणि तिकडेच राहणार होते. ताटं वाढली, आप्पांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "काय काय वाजवलं?" मी सुरू झाले. हात कापण्याचा विनोद, उभा राहिलेला विणकर, आणि मग 'गाडी' शिट्टीसकट तोंडाने करून दाखवली. आप्पा हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं, आणि मला वाटलं, हे मी घडवलं. तेव्हा मावशी ताटाकडे पाहत हळूच म्हणाली, "आणि आक्काचं वाजवलं की."

"कुठलं?"

"म्हशीचं. गाडीच्या मागनं."

आप्पांचा हात भातात तसाच राहिला. त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. इतक्या आशेने त्यांनी माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ते स्वतः गेले नव्हते. आता जे काही ऐकलं होतं ते या घराच्या वतीने मी ऐकलं होतं. "तू ऐकलंस न्हवं?" ते म्हणाले. "कसं वाटलं गं? तिच्यासारखं?"

मी भात कालवत राहिले. मावशीच म्हणाली, "ऐकलं की. लई मन लावून ऐकत होती." आणि उठून मला पाणी आणायला गेली. त्या माउलीने आयुष्यात माझ्यासाठी पुष्कळ केलं. माझ्या बाळंतपणापर्यंत सगळं तिनेच केलं. पण तिची आठवण निघाली की मला आधी हे वाक्य ऐकू येतं. तिने मला रागावायला हवं होतं. रागावली असती तर माझं ओझं तिथेच कुणीतरी उतरवलं असतं. सगळ्या सभागृहाने माझ्या आईला ऐकलं होतं. बाजारातल्या माणसांनी, अनोळखी बायकांनी, चिक्की विकणाऱ्यानेसुद्धा. मी सोडून.

सकाळी मास्तर निरोप घ्यायला आले. त्यांना पुढची एसटी गाठायची होती. मावशीने तिखट उप्पीट केलं होतं. मी रात्री ठरवलेलं वाक्य सरळ बोलून टाकलं. "मास्तर, मी ते ओळखलं नाही. मी बोलत होते. परत वाजवा ना."

आप्पा बाहेरच्या खोलीत अंगाला भस्म लावत बसले होते. त्यांनी ऐकलं, आणि मग मी खरंच ऐकलं नव्हतं हेही त्यांना कळलं. ते उठून आतल्या दारात येऊन उभे राहिले. मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"वर्षाच्या आत ह्या घरात तार वाजवायची न्हाई," ते मला म्हणाले. "वहिनी असत्या तर त्यांनीच मला आधी भाईर काढलं असतं."

"मग काल सांगायचं ना, हे अव्वाचं आहे म्हणून. बाकी सगळ्यांची नावं सांगितलीत."

"सांगून वळखलं तर ते वळखणं व्हय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "माझंच चुकलं. तबला घालाय नको होता. लोकास्नी ठेका लागतोय म्हणून मी तिच्या समद्या जागा भरून टाकल्या."

मग ते स्वयंपाकघराच्या दारात खाली बसले, गिटार पेटीतून काढून मांडीवर घेतली, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याची घडी तारांच्या खाली दाबून बसवली. नख्या घातल्या. कांडी ठेवली.

सूर निघालाच नाही. तार छेडली की कापडात दबून नुसता बोथट आवाज येत होता. थप. थप. थप-थप. आणि मग काहीच नाही. कांडी तारांवर तशीच उभी, नख्या हवेत. मग परत थप, थप-थप. पहिल्या काही थांब्यांना मला काही कळलं नाही. मग एका थांब्याला माझी नजर मावशीकडे गेली. ती चुलीपाशी रिकाम्या हाताने उभी होती, आणि तिचं मनगट आपोआप वळलं, भाकरी तव्यावर टाकताना वळतं तसं. तिला स्वतःला ते कळलं नाही. मास्तर पुन्हा थांबले, या वेळी थोडा वेळच, आणि माझ्या तोंडून निघालं, "आता पाणी लावलं."

मास्तरांनी वर न पाहता मान हलवली आणि पुढे वाजवत राहिले. पुढचे सगळे थांबे मी सांगितले. आता उलटली. आता उभी केली. आता दुसरी घेतली. आप्पा दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभे होते. घरात एकही सूर निघाला नव्हता आणि वर्ष मोडलं नव्हतं.

संपल्यावर मास्तरांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "वर्ष झालं की येतो. तार मोकळी सोडून वाजवतो, बिगर तबल्याचं."

"नक्की ना?"

"येतो की."

ते आले नाहीत. वर्ष संपलं, आप्पांनी रेडिओवरचा टॉवेल काढला, मास्तरांना दोनदा निरोप पाठवला. हाताने दगा दिला होता. ते हैदराबादला मुलीकडे राहायला गेले होते आणि गिटार पेटीतून बाहेर निघत नव्हती. तिकडेच ते गेले. मावशीला म्हण म्हटलं तर तिने मला तीन वेळा ते गाणं म्हणून दाखवलं, आणि तिन्ही वेळा वेगळ्या चालीत. तिसऱ्या वेळी आम्ही दोघी हसायला लागलो. ऐकलं की तिला ओळखता यायचं, म्हणता यायचं नाही. माझं उलटही नव्हतं. मला दोन्ही येत नव्हतं. आप्पांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही की तू त्या संध्याकाळी काय करत होतीस. पुढे मी कॉलेजात गेले, इंग्रजी शिकवायला लागले, सगळं व्यवस्थित केलं. वर्गात मुली बोलू लागल्या की मी शिकवणं थांबवायची आणि त्या गप्प होईपर्यंत नुसती उभी राहायची. मी फार कडक आहे असं त्यांना वाटायचं.

तुमच्या आजोबांना हे मी लग्नानंतर सांगितलं होतं. ते म्हणाले, "अगं, तू लहान होतीस." तुम्हीही हेच म्हणाल, मला माहीत आहे. पण मी इतकीही लहान नव्हते. लहान असते तर ऐकलं असतं. लहान मुलं स्वयंपाकघरातलं सगळं ऐकतात. मला जे शिकवलं गेलं होतं त्यात ओळ सलग आणि सुरेल असली म्हणजे ते गाणं, आणि ज्यांत अव्वा होती ते थांबे त्या सलगपणातून गळून गेले होते. कारण कळलं म्हणून अपराधी वाटायचं थांबत नाही. तबला हा दोष मास्तरांनी स्वतःवर घेतला, गप्प राहणं मावशीने घेतलं, न जाणं आप्पांनी. माझ्या वाट्याला फक्त लक्ष देणं होतं.

मागच्या दिवाळीत मीराने फोनवर शोधून नरसय्या मास्तरांची 'गाडी' काढली होती. कुणीतरी कुठल्यातरी कार्यक्रमात टेप केलेली, खरखर पुष्कळ, पण शिट्टी स्पष्ट आहे. तिने ती मला तीनदा ऐकवली, आणि मी "वा" म्हटलं. म्हशीचं गाणं कुणी टेप केलेलं नाही. मी शोधलं, आणि ज्यांना विचारता येईल त्यांना विचारलं. त्याचे शब्द मला अर्धेमुर्धे येतात. चाल येत नाही. आवाजही परत आला नाही, तो मावशीच्या आवाजाखालीच राहिला. थांबे मात्र सगळे येतात, कुठे लांब आणि कुठे आखूड, त्यांच्या क्रमाने, एकही न चुकता.